एमडीसीनं ॲक्रिलिक जोडताना: बाटली सगळ्यात शेवटी उघडायची

ॲक्रिलिकचं काम करणारी मंडळी, मग ती साइनबोर्डवाली असोत, ट्रॉफीवाली असोत की गणपतीच्या आधी मखरं बनवणारी, सारख्या दोनच तक्रारी सांगतात. जॉइंट पांढरा पडतो किंवा दुसऱ्या दिवशी कडेला केसासारख्या भेगा दिसतात, ही एक. संध्याकाळपर्यंत डोकं जड होतं, मळमळतं, ही दुसरी. पहिल्या तक्रारीवर सगळे उपाय शोधत असतात. दुसरीवर कोणी विचारत नाही, ऊन होतं, जेवायला उशीर झाला, असं म्हणून विषय संपतो. मी बघितलंय त्यात दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं, ते म्हणजे कामाचा क्रम उलटा लागलेला असतो. आधी एमडीसीची, म्हणजे ॲक्रिलिक जोडायच्या पातळ द्रवाची, बाटली उघडतात, सिरिंज भरतात, आणि मग टेप शोध, गुण्या लाव, कड घास असं सुरू होतं, तोवर टेबलावर बाटली उघडीच आणि कारागिराचं नाक तिच्यापासून वीतभर लांब.

म्हणून क्रमानं लिहितोय. यातला कुठलाही टप्पा मागेपुढे करू नका, विशेषतः पहिले तीन.

टप्पा १: बाटलीत नक्की काय आहे ते बघा

आपल्याकडे ॲक्रिलिक चिकटवायच्या पातळ पाण्यासारख्या द्रवाला सरसकट "क्लोरोफॉर्म" म्हणायची सवय आहे. प्रत्यक्षात त्या नावाखाली तीन वेगळे सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारे द्रव, फिरतात आणि तिघांचं वागणं वेगळं आहे.

एमडीसी, म्हणजे मिथिलीन डायक्लोराइड, यालाच डायक्लोरोमिथेन पण म्हणतात. हे साधारण ४० अंश सेल्सिअसला उकळतं. पाण्यापेक्षा जड, एक लिटरचं वजन १.३३ किलो भरतं. लेबलवर सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक, ७५-०९-२ असतो.

खरं क्लोरोफॉर्म ६१ अंशाला उकळतं, आणखी जड असतं, लिटरला जवळपास दीड किलो. याचा क्रमांक ६७-६६-३. जुनं झालं, उजेडात आणि हवेत राहिलं की यात फॉस्जीन नावाचा अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो, म्हणून वर्षानुवर्षं कपाटात पडलेली अर्धी बाटली उघडून वास घ्यायचा नाही.

ईडीसी, म्हणजे इथिलीन डायक्लोराइड, ८३ अंशाच्या आसपास उकळतं, सावकाश उडतं, आणि मुख्य म्हणजे हे पेट्रोलसारखं पेटतं, खोलीच्या तापमानालाच याच्या वाफेला ठिणगी पुरते. क्रमांक १०७-०६-२.

दिसायला तिन्ही सारखे, वास तिघांना गोडसर. म्हणजे नाकानं ओळखता येत नाहीत आणि ओळखायचा प्रयत्नही करायचा नाही. दुकानदार कोऱ्या बाटलीत भरून देत असेल तर घेऊ नका. लेबल हवं, त्यावर नाव आणि क्रमांक हवा, आणि एसडीएस, म्हणजे त्या रसायनाच्या धोक्यांचं माहितीपत्रक, मागा, फोनवर पीडीएफ पाठवली तरी चालेल. मला एकदा एकानं पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत सॉल्व्हंट बांधून दिलं होतं. गाळ्यावर पोचेपर्यंत बाटली धूसर झाली होती आणि बूड मऊ पडून वाकलं होतं. ते सोडा, पण ती बाटली टेबलावर ठेवली असती आणि कुणी तहानेनं तोंडाला लावली असती तर?

खाली मी एमडीसीबद्दलच बोलतोय कारण सध्या जास्त तेच वापरात दिसतं. क्लोरोफॉर्म आणि ईडीसीला हवेचे आणि हातांचे नियम तसेच लागू, आगीच्या बाबतीत ईडीसीला कितीतरी कडक.

*चेक: लेबल वाचलं, क्रमांक जुळला, तारीख बघितली. यातलं एक जरी नसेल तर पुढे जाऊ नका.*

टप्पा २: आधी हवेची सोय

इथे थोडा हिशोब मांडतो, कारण नुसतं "हवेशीर जागेत वापरा" असं डब्यावर लिहिलेलं असतं आणि ते वाचून कोणी काही करत नाही.

१० बाय १०ची खोली, उंची १० फूट, म्हणजे आत साधारण २८ हजार लिटर हवा. कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढं, १०० मिली एमडीसी तिथे सांडलं आणि उडालं तर त्याची वाफ होते जवळपास ३८ लिटर. म्हणजे हवेच्या दर दहा लाख भागांत साडेतेराशे भाग एमडीसी, यालाच पीपीएम म्हणतात. आता अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या १९९७च्या नियमात १५ मिनिटांच्या सरासरीला मर्यादा आहे १२५ पीपीएम आणि ८ तासांच्या सरासरीला २५. तिथल्या पर्यावरण खात्यानं २०२४मध्ये ८ तासांची मर्यादा आणखी खाली आणून २ पीपीएम केली. एक कटिंग ग्लास सांडला की आपण कुठे असतो ते बघा. आणि हे सांडल्यावरच होतं असं पण नाही, दिवसभर सिरिंज, बोळे, उघडी बाटली मिळून १०० मिली आरामात उडतं.

वासावर विसंबू नका. एमडीसीचा वास लक्षात येतो तोवर हवेतलं प्रमाण या मर्यादांच्या पुढे गेलेलं असतं, आणि थोड्या वेळात नाक सरावतं मग तोही येत नाही. "आता वास नाही येत, गेला वाटतं" हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय तितक्या वेळा दार उघडायला लावलंय.

मग करायचं काय? एमडीसीची वाफ हवेच्या जवळपास तिप्पट जड. टेबलावरून ती खाली ओघळते, जमिनीलगत पसरते, खड्ड्यात, तळघरात, मोठ्या पेटीच्या बुडात साठते. छताजवळच्या एक्झॉस्टचा टेबलापाशी फार उपयोग होत नाही, तो वाफेला तुमच्या तोंडावरून वर ओढतो. एक्झॉस्ट टेबलाच्या उंचीला किंवा थोडा खाली, कामाच्या पलीकडच्या बाजूला हवा, आणि ताजी हवा तुमच्या पाठीमागून यायला हवी. म्हणजे हवा पाठीकडून येते, हातांवरून जाते, जॉइंटवरून जाते आणि बाहेर. उलट बसलात, एक्झॉस्टकडे पाठ करून, तर सगळी वाफ तुमच्या छातीवरून जाणार. बाहेर सोडलेली हवा शेजारच्या गाळ्याच्या खिडकीत किंवा जिन्यात जात नाही ना तेही बघा.

एक्झॉस्टच्या मोटरबद्दल एक सांगतो. ईडीसी वापरत असाल तर साधी, ठिणगी पडणारी मोटर वाफेच्या वाटेत ठेवू नका, त्यासाठी फ्लेमप्रूफ, म्हणजे ठिणगी बाहेर न येऊ देणारी, लागते.

सीलिंग फॅन बंद. तो वाफ खोलीभर ढवळतो, शिवाय जॉइंटवर वारं लागून जॉइंट पांढरा पडतो, म्हणजे दोन्ही तक्रारी एकदम. आणि एसी, याबद्दल फार गैरसमज आहे. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, बाहेर काहीच टाकत नाही. दारं खिडक्या बंद करून एसी लावून एमडीसीचं काम करणं म्हणजे वाफ कोंडून घेणं.

हवा नीट वाहतेय का हे तपासायला उदबत्ती चांगली. बाटली अजून कपाटात, बंद असतानाच. उदबत्ती लावून जिथे जॉइंट येणार तिथे धरा आणि नेहमीच्या जागेवर बसा. धूर सरळ पुढे एक्झॉस्टकडे गेला पाहिजे. वर उठून तोंडाकडे वळला किंवा टेबलावर घुटमळला तर जागा बदला, पंख्याची जागा बदला, मागचं दार उघडा, आणि परत बघा. मग ती उदबत्ती पाण्यात बुडवून विझवा.

*इशारा: मास्कच्या भरवशावर हवेची सोय टाळू नका. कापडी मास्क आणि एन९५ वाफेला अजिबात अडवत नाहीत. कोळशाच्या कार्ट्रिजचा साधा मास्कसुद्धा एमडीसीला फार वेळ पुरत नाही, हे सॉल्व्हंट इतकं झटपट उडणारं आहे की कार्ट्रिजमधून लवकर आरपार येतं आणि आल्याचं तुम्हाला कळत नाही. अमेरिकेच्या त्याच नियमात एमडीसीसाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क सांगितलाय.*

टप्पा ३: ज्योत, कॉइल, बिडी बाहेर

"एमडीसी पेटत नाही" हे खरं आणि अर्धवट. नेहमीच्या चाचणीत त्याला फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेट घेते ते तापमान, मिळत नाही, काडी लावली तर पेट्रोलसारखा भडका होत नाही. पण हवेत साधारण १३ ते २३ टक्के वाफ झाली तर तीही जळू शकते. आणि रोजच्या कामातला खरा धोका वेगळा आहे. एमडीसीची वाफ ज्योतीतून किंवा लालभडक कॉइलवरून गेली की तिच्यातलं क्लोरीन सुटून हायड्रोजन क्लोराइड तयार होतो आणि थोडं फॉस्जीनही. फॉस्जीनचा त्रास लगेच जाणवेलच असं नाही, काही तासांनी फुप्फुसात पाणी भरायला लागतं.

आपल्या गाळ्यात ज्योत कुठे कुठे असते मोजून बघा. फ्लेम पॉलिशचा, म्हणजे ज्योत फिरवून कड चकचकीत करायचा टॉर्च, शीट वाकवायची स्ट्रिप हीटर, हीट गन, चहाची शेगडी, कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यातला दिवा, कारागिराची बिडी. बिडीचं जळतं टोक म्हणजे ज्योतच, आणि त्यातून जे तयार होतं ते सरळ छातीत ओढलं जातं. वाकवायचं आणि पॉलिशचं काम एका वेळेला, जोडायचं दुसऱ्या वेळेला, दोन्ही एकत्र नाहीत. सकाळी पूजा झाली की दिवा शांत होऊ द्या, मग जोडायला बसा.

टप्पा ४: भांडी, सुई, हातमोजे

मोठ्या बाटलीतून थेट काम करायचं नाही. दिवसाला लागेल तेवढंच, ३०-५० मिली, लहान बाटलीत घ्यायचं. मूळ साठा काचेच्या गडद बाटलीत, आतून टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण लावून. पाण्याची पेट बाटली नको, थर्माकोल किंवा पारदर्शक कडक प्लॅस्टिकचा कप तर विरघळून टेबलावर येईल, आणि ॲल्युमिनियमचं भांडं पण नको, या सॉल्व्हंटची आणि ॲल्युमिनियमची जोडी बरी नाही.

जॉइंटमध्ये सोडायला बोथट टोकाची बारीक सुई लावलेली मऊ पॉलिथिलीनची दाबायची बाटली चांगली. काम संपलं की तीतलं उरलेलं परत काचेत, कारण पॉलिथिलीनमधून ते हळूहळू पाझरतं. मेडिकलमधली डिस्पोझेबल सिरिंज वापरायची चूक सगळेच करतात. तिच्या दट्ट्याचं रबर एमडीसीत फुगतं, दट्ट्या अडकतो, माणूस जोर लावतो आणि एकदम फवारा उडतो, तोही डोळ्यांच्या पातळीला. सिरिंजच हवी असेल तर पूर्ण काचेची घ्या.

हातमोज्यांबद्दल सगळ्यात जास्त चुकतं. निळे पातळ नायट्रिलचे आणि पांढरे लेटेक्सचे मोजे एमडीसीला एखाद-दोन मिनिटंसुद्धा धड अडवत नाहीत, आरपार येतं, आणि मग मोज्याच्या आत अडकलेलं सॉल्व्हंट उडू शकत नाही म्हणून कातडी भाजल्यासारखी जळते. उघड्या हातावर पडलं तर गार लागून उडून जातं, मोज्याच्या, घड्याळाच्या, अंगठीच्या खाली अडकलं तर व्रण उठतो. पीव्हीएचे (पॉलीव्हिनाइल अल्कोहोलचे) मोजे किंवा अनेक पदरी लॅमिनेट फिल्मचे मोजे टिकतात. पीव्हीएचे पाण्यात विरघळतात, धुवायचे नाहीत. लॅमिनेटचे ढगळ असतात, बारीक काम जमत नाही, तर आत लॅमिनेट आणि वरून घट्ट नायट्रिल असं घालायचं. पातळ नायट्रिलच असेल तर तो फक्त उडालेल्या थेंबापुरता, थेंब पडला की लगेच काढून फेकायचा, पुसून चालवायचा नाही. अंगठी, घड्याळ आधीच काढून ठेवा. डोळ्याला गॉगल, बाजूनं बंद असलेला, नंबरचा चष्मा पुरत नाही.

*चेक: लहान बाटलीवर पण नाव लिहिलं का? चिकटपट्टीवर पेननं "एमडीसी" आणि तारीख, एवढं पुरे, पण कोरी बाटली टेबलावर नको.*

टप्पा ५: शीटची कड

आता कामाचा भाग. बाटली अजून बंद.

कड सरळ, चौकोनी आणि मॅट हवी. करवतीची किंवा राउटरची कड सगळ्यात बरी, फक्त ब्लेडच्या पाठीनं किंवा स्क्रॅपरनं एका दिशेनं ओढून करवतीच्या रेघा काढायच्या. कागदानं घासलं तर कोपरे गोल होतात आणि गोल कोपऱ्यात सॉल्व्हंट साठून बुडबुडे येतात. बफ मारलेली कड पण गोलच असते.

जोडायची कड कधीही फ्लेम पॉलिश करू नका. ज्योतीनं वरचा थर तापतो आणि पटकन गार होतो, आत ताण राहतो, आणि त्या ताणलेल्या थराला सॉल्व्हंट लागला की केसासारख्या भेगा पडतात, कधी लगेच, कधी चार दिवसांनी गिऱ्हाइकाच्या घरी. लेझरच्या कडेतही तसाच ताण असतो. लेझरनंच कापायचं असेल तर शीट ८० अंशावर किमान दोन तास ओव्हनमध्ये ठेवा, जाड असेल तर जास्त, आणि ओव्हन बंद करून दार न उघडता आतच सावकाश गार होऊ द्या. हे करायचा कंटाळा येतो, मान्य, पण भेगांची अर्धी तक्रार इथेच मिटते. एक्स्ट्रूडेड (रोलरमधून दाबून काढलेली) शीट लवकर चिकटते आणि लवकर तडकते, कास्ट (साच्यात ओतलेली) शीटला थोडा वेळ लागतो पण ती जास्त सहन करते.

पुसायला थिनर नको, स्पिरिट नको. साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग स्वच्छ सुती कापड, आणि पूर्ण वाळू द्या. संरक्षक कागद किंवा फिल्म जॉइंटपासून अर्धा इंच मागेपर्यंत सोला, पूर्ण नको. फिल्म जॉइंटपर्यंत ठेवली तर सॉल्व्हंट तिच्याखाली शिरतं आणि शीटवर ढगासारखा डाग कायमचा बसतो.

टप्पा ६: कोरडी जुळणी

गुण्या लावा, काटकोन बघा, तुकडे उभे करा, ठोकळ्यांनी टेकवा. ठोकळा किंवा टेप जॉइंटच्या रेषेला चिकटता कामा नये, कारण जिथे काही चिकटलंय तिथे सॉल्व्हंट ओढला जातो. मग मागून मोबाइलचा टॉर्च मारा. जॉइंटमधून उजेडाची रेघ दिसली तर तिथे फट आहे आणि पातळ सॉल्व्हंट फट भरत नाही, ते फक्त दोन पृष्ठं विरघळवून एकमेकांत मिसळवतं. कड परत स्क्रॅपरनं ओढून सरळ करा.

फिशटँक, पाण्याची टाकी, वजन घेणारा कप्पा असल्या कामाला नुसता पातळ सॉल्व्हंट वापरू नका, त्याला दोन भाग मिसळून आतच घट्ट होणारा ॲक्रिलिकचा चिकट लागतो.

पावसाळ्यात आणखी एक बघायचं. एमडीसी इतकं झपाट्यानं उडतं की कड गार पडते, आणि दमट हवेतलं पाणी त्यावर दवासारखं बसतं, तोच तो पांढरा जॉइंट. कोकणात, मुंबईत जुलैमध्ये हे हमखास. शक्य असेल तर उघडिपीच्या दिवशी दुपारी जोडा, शीट आदल्या रात्रीपासून त्याच खोलीत ठेवा, जॉइंटवर थेट वारं नको. पांढरं होतं म्हणून खिडक्या बंद करून एक्झॉस्ट थांबवणं हा उपाय नाही, तो टप्पा २ मोडतो.

*चेक: टेप, ठोकळे, गुण्या, कापड, बोळे, झाकणाचा डबा, सगळं हाताशी. एक्झॉस्ट चालू, पंखा बंद, ज्योत नाही, दार उघडं. हे सगळं झालं की मगच पुढचं.*

टप्पा ७: बाटली उघडा, सोडा, बंद करा

एमडीसी ४० अंशाला उकळतं हे परत आठवा. नागपूर, चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५च्या आसपास जातो, म्हणजे बाटली आतून अक्षरशः उकळायच्या बेतात असते. स्कूटरच्या डिकीत, बंद गाडीत उन्हात ठेवलेली बाटली तर कुठेही धोक्याचीच. अशी बाटली लगेच उघडू नका, गार पाण्याच्या बादलीत अर्धा तास उभी ठेवा, मग कापडानं धरून, तोंड लांब करून, झाकण थोडं सैल करा, फुस्स झालं की थांबा, मग पूर्ण.

लहान बाटली अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. मोठीचं झाकण लगेच लावा. सुईवाली बाटली हातात धरली की हाताच्या उबेनंच आत दाब तयार होतो आणि सुई खाली केल्याबरोबर थेंब आपोआप गळायला लागतात. यावर युक्ती अशी की सुई वर धरून बाटली हलकी दाबायची, थोडी हवा बाहेर जाऊ द्यायची, आणि दाब सोडता सोडता उलटी करायची, म्हणजे ती आत हवा ओढत राहते आणि थेंब सुईच्या टोकाशी थांबतो. आधी टाकाऊ तुकड्यावर चार-पाच वेळा सराव करा.

मग सुईचं टोक जॉइंटच्या आतल्या कोपऱ्यात टेकवा आणि एका सरळ हालचालीत ओढत न्या. घाई नको आणि थांबणं पण नको. सॉल्व्हंट फटीत आपसूक धावतं, ती ओली रेघ कडेकडेनं सरकताना डोळ्यांनी दिसते, चांदीसारखी होती ती एकदम पारदर्शक होते. मधे चांदीचा ठिपका राहिला तर तिथे बुडबुडा आहे, त्या बाजूनं परत एक अगदी छोटा थेंब द्या. जाड शीट असेल तर तुकड्यांच्या मधे बारीक तार ठेवून थोडी फट ठेवा, सॉल्व्हंट सोडा, १५ ते ३० सेकंद मुरू द्या आणि मग तारा ओढून काढा, वजनानं वरचा तुकडा बसतो.

दाबू नका. जोरात दाबलं की मऊ झालेलं ॲक्रिलिक आणि सॉल्व्हंट दोन्ही बाहेर येतात आणि जॉइंट उपाशी राहतो. मिनिटभरात पकड येते, पाच-दहा मिनिटं हलवू नका, आणि खरी ताकद यायला २४ तास लागतात, त्याआधी ड्रिल, बफ, वजन काहीच नाही.

बाहेर ओघळलेला थेंब पुसू नका. पुसलं की डाग पसरतो. उडून जाऊ द्या.

एक जॉइंट झाला की बाटलीला टोपी. पुढच्या जॉइंटची जुळणी करताना बाटली बंदच राहिली पाहिजे. दिवसभरात ही एकच सवय पाळली तरी उडणारं सॉल्व्हंट निम्म्यापेक्षा जास्त वाचतं असा माझा अनुभव आहे.

टप्पा ८: मोठी पेटी असेल तर डोकं आत घालू नका

यावर वेगळं लिहितोय कारण इथेच माणूस जातो.

दोन फूट बाय दोन फूट बाय दोन फूट पेटी म्हणजे सव्वादोनशे लिटर हवा. तिच्या आत फक्त ५ मिली एमडीसी उडालं आणि सगळी वाफ आत राहिली तर प्रमाण होतं ८ हजार पीपीएमच्या वर. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेनं २३०० पीपीएमला जिवाला तत्काळ धोका असं धरलंय. वाफ जड, वरचं तोंड उघडं असलं तरी ती बुडातच बसते.

अमेरिकेत बाथटबचा जुना रंग एमडीसीच्या स्ट्रिपरनं काढणाऱ्या कामगारांचे २००० ते २०११ या काळात १३ मृत्यू नोंदले गेले. लहान बाथरूम आणि टबावर ओणवं वाकलेला माणूस. आपली मखराची पेटी आणि तो टब यात काय फरक आहे?

माझ्याकडे एक पोरगा डिस्प्ले केसचा आतला जॉइंट मारत होता, कमरेतून वाकून, खांदे पेटीत. मी समोर होतो. बघता बघता त्याची सुई रेषेवरून घसरली आणि शीटवर तिरकी ओली रेघ उमटली. मी ओरडलो तर त्यानं मान वर केली आणि हसला, दारू चढल्यासारखा, शब्द जड. बाहेर उघड्यावर बसवला, अर्ध्या तासानं उलटी झाली, डोकं दुसऱ्या दिवसापर्यंत धरलं होतं. ती तिरकी रेघ असलेली शीट मी अजून भिंतीला टांगून ठेवलीय, नवीन येणाऱ्याला दाखवायला.

तेव्हापासून पेटी उभी असताना आतून जॉइंट मारायचा नाही हा नियम. पेटी आडवी करा, जोडायची बाजू खाली येईल अशी, उघडं तोंड एक्झॉस्टकडे, आणि बाहेरच्या बाजूनं सुई लावा. शेवटची बाजू नेहमी बाहेरूनच बंद होईल असा जोडायचा क्रम आधी कागदावर ठरवा. लांब सुई मिळते, ती घ्या. आणि एकट्यानं हे काम नाही, दुसरा माणूस दिसेल अशा अंतरावर हवा.

*इशारा: कुणी पेटीत, खड्ड्यात, तळघरात कोसळलेलं दिसलं तर त्याच्या मागोमाग आत उडी मारू नका. आधी दारं उघडा, पंखा त्या दिशेला लावा, मदत बोलवा. बाहेरूनच पाय किंवा पट्टा धरून ओढता आलं तर ओढा.*

टप्पा ९: उरलेलं, सांडलेलं, ओले बोळे

ओले बोळे उघड्या कचऱ्याच्या टोपलीत टाकले की ती टोपली दिवसभर वाफ सोडत बसते. झाकणाच्या काचेच्या बरणीत टाका, बरणीवर नाव.

थोडं सांडलं तर सगळे बाहेर, दारं उघडी, ज्योत नाही, पाठीमागून हवा येईल असं उभं राहून कोरडी वाळू टाका, भरून झाकणाच्या डब्यात. जास्त सांडलं, लिटरभर वगैरे, तर आत जाऊच नका, एक्झॉस्ट चालू ठेवून खोली रिकामी करा.

मोरीत, गटारात ओतू नका. एमडीसी पाण्यात फारसं मिसळत नाही आणि जड असल्यामुळे तळाला जाऊन बसतं, जमिनीत मुरलं तर खाली खाली उतरत भूजलापर्यंत जातं. आपल्या बहुतेक एमआयडीसींच्या आजूबाजूला विहिरी आणि बोअर आहेत, ते पाणी कुणीतरी पितंय. गच्चीवर ताटात ओतून उडवणं पण नको. जाळणं तर मुळीच नाही, कारण टप्पा ३.

थिनर, ॲसिटोन, पेंटच्या उरल्यासुरल्यात मिसळू नका, क्लोरीनवालं वेगळं ठेवलं तरच त्याची नीट विल्हेवाट लागते. त्यातही क्लोरोफॉर्म, ॲसिटोन आणि कॉस्टिक एकत्र आले तर भांडं फुटेपर्यंत तापू शकतं. वापरलेलं सॉल्व्हंट २०१६च्या घातक कचरा नियमांत येतं, ते अधिकृत एजन्सीमार्फतच जायला हवं. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे त्यासाठी सामायिक केंद्रं आहेत. गाळा छोटा असला तर सगळ्यात सोपं म्हणजे कचरा होईल इतकं घ्यायचंच नाही, लहान पॅक घ्या, संपवा, मग दुसरा.

टप्पा १०: तब्येत बिघडली तर

डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, झिंग, बोटांना मुंग्या, यातलं काहीही झालं तर काम बंद आणि उघड्या हवेत. "एवढा जॉइंट संपवतो" नाही.

एमडीसीचं वेगळेपण असं की ते शरीरात गेल्यावर यकृत त्यातून कार्बन मोनॉक्साइड बनवतं, म्हणजे बंद गाडीच्या धुरातला तोच वायू, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसतो. माणूस बाहेर हवेत आला तरी अंगात साठलेल्या एमडीसीमधून तो पुढे तासन्‌तास तयार होत राहतो. म्हणून "आता बरं वाटतंय" म्हणून घरी एकट्याला पाठवू नका. हृदयाचा त्रास असणारे, गरोदर बाई, आणि सिगरेट-बिडी ओढणारे यांना कमी प्रमाणातही जास्त त्रास, ओढणाऱ्यांच्या रक्तात हा वायू आधीच असतो. त्या दिवशी दारू नाही. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं एमडीसीला माणसात कर्करोग होण्याची दाट शक्यता असलेल्या गटात, २ए मध्ये ठेवलंय, म्हणून रोज थोडं थोडं अंगात जाणंही साधं धरू नका.

डोळ्यात गेलं तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली, पापण्या उघड्या धरून, लेन्स असेल तर काढून. अंगावर पडलं तर ओला कपडा, मोजा, पट्टा लगेच काढा, मग साबण-पाणी. गिळलं तर उलटी करायला लावू नका, सॉल्व्हंट फुप्फुसात शिरतं.

शुद्ध हरपली, छातीत दुखतंय, श्वास लागतोय, बोलणं अडखळतंय, तर १०८ला फोन. दवाखान्यात गेल्यावर बाटलीच्या लेबलचा फोटो आणि एसडीएस दाखवा, आणि डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा की मिथिलीन क्लोराइडची (एमडीसीचंच आणखी एक नाव) वाफ गेलीय, रक्तातलं कार्बॉक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन, तपासा. हे सांगणं फार गरजेचं आहे, कारण बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ऑक्सिजन चिकटलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखत नाही, तो ९८ दाखवेल आणि कुणीतरी म्हणेल सगळं ठीक आहे, घेऊन जा घरी. किती वाजता काम सुरू केलं, किती वेळ आत होता, साधारण किती मिली वापरलं, हे पण एका कागदावर लिहून सोबत न्या, शुद्ध नसलेला माणूस ते सांगू शकत नाही.